कुल, प्रतिभा आणि शोध : सुप्रजाजनन-विचाराचा शोधकविषयक उपपत्तींवरील प्रभाव

‘युजेनिक्स’ हा शब्द फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज पंडिताने १८८३ मध्ये प्रथम योजला. त्याची घडण ग्रीक आहे. ‘चांगला’ ह्या अर्थाचा उपसर्ग आणि ‘जन्मलेला’ ह्या अर्थाचे पद मिळून तो बनला. मराठीत त्यासाठी ‘सुप्रजाजननशास्त्र’ किंवा ‘सुप्रजननशास्त्र’ हे शब्द रूढ झाले. परंतु मूळ ग्रीक विशेषणाशी अर्थाने जुळणारा शब्द आपल्याकडे पूर्वीच होता, आणि तो म्हणजे ‘अभिजात’, अर्थात चांगल्या कुळात जन्मलेला. आज आपण अभिजात भाषा, अभिजात संगीत असे म्हणतो तेव्हा ह्या शब्दातील जन्माचा अंश कोणाच्या ध्यानीही येत नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे आणखी एक नाते दिसते. ‘युजेनिक्स’मधील धातू, लॅटिन ‘गेनिउस’ (ज्यावरून ‘जीनियस’ आला), लॅटिन ‘इंगेनिउम’ म्हणजे उपजत बुद्धी (ज्यावरून ‘एंजिन’ आणि ‘एंजिनियर’ आले), आणि संस्कृतातील जन्म, जाति, अभिजात ही पदे ज्यातून निघाली तो ‘जन्’ हा धातू, हे सर्व एकाच आदि-भारोपीय धातूची अपत्ये होत. प्रतिभावंत, यंत्रज्ञ आणि सत्कुलोत्पन्न ही तिन्ही माणसे शब्दांच्या वंशावळीत एकमेकांची चुलत भावंडे ठरतात.

व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकविले जाते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे साठ-सत्तर वर्षे ‘नवे शोध कोण लावतो’ ह्या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली, त्यांत हे शाब्दिक नाते जणू निसर्गनियम म्हणूनच स्वीकारलेले दिसते. शोधक हा जन्माने शोधक असतो, त्याची बुद्धी रक्तातून येते, म्हणून राष्ट्राला शोध हवे असतील तर योग्य कुळांत अधिक मुले जन्मली पाहिजेत, अशी ती विचारमालिका होती. तिचा उगम, तिला झालेला विरोध आणि महाराष्ट्रात तिला मिळालेले वळण ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे. ह्या विषयाचा सोलापूरशी असलेला संबंध वरवर वाटतो त्याहून बराच निकटचा आहे.

गाल्टनचा ‘हेरेडिटरी जीनियस’ हा ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला. न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, साहित्यिक, वैज्ञानिक, कवी, गायक-वादक, चित्रकार, धर्मोपदेशक, इतकेच नव्हे तर नौका वल्हवणारे आणि उत्तर इंग्लंडचे कुस्तीगीर अशा वर्गांतील नामवंतांच्या वंशावळी त्याने त्यात तपासल्या. सुमारे चार हजारांत एक ह्या प्रमाणात समाजात ‘नामवंत’ माणूस निपजतो असा त्याचा हिशेब होता. अशा माणसाच्या आप्तांत नामवंतांचे प्रमाण पुष्कळच अधिक असते, आणि नाते जसजसे दूरचे होत जाते तसतसे ते घटत जाते, हे त्याने आकड्यांनी दाखविले. एवढ्यावरून बुद्धी ही उंचीप्रमाणे वारशाने येते असा निष्कर्ष त्याने काढला.

त्याच्या ग्रंथात शोधकांना स्वतंत्र प्रकरण नाही. यंत्रे घडविणारी माणसे तेथे वैज्ञानिकांच्या पंगतीला बसविलेली आहेत. परंतु शोधाविषयीची एक पूर्ण उपपत्ती त्या ग्रंथात न सांगता अंतर्भूत आहे. शोधाचे कारण शोधक आणि शोधकाचे कारण त्याचे कुल, हे तिचे सूत्र. मग शोधांची संख्या ही अशा कुळांच्या संख्येवर अवलंबून राहणार, आणि लोहार, सुतार, कोष्टी ह्यांच्या हातांत रोज घडत असलेल्या लहान लहान सुधारणांना त्या हिशेबात जागाच उरणार नाही.

गाल्टनला आक्षेप सुचले नव्हते असे मात्र समजू नये. नामवंताच्या मुलाला ओळखीपाळखींचा लाभ होतो, मग यश रक्ताचे की वशिल्याचे, हा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला. उत्तरादाखल त्याने रोमच्या पोपांचे उदाहरण घेतले. पोपांना औरस संतती नसे, पण ते पुतण्या-भाच्यांना दत्तकाप्रमाणे पोसत. वशिल्याचा लाभ पुरेपूर मिळूनही ह्या मंडळींत नामवंत निपजले नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. युक्तिवाद चतुर आहे, पण अपुरा आहे. पोपचा पुतण्या ज्या घरात वाढला ते न्यायाधीशाचे घर नव्हते. तेथे कायद्याची भाषा जेवणाच्या पानावर ऐकू येत नव्हती. वशिला आणि शिक्षण ह्या दोन निराळ्या गोष्टी गाल्टनने एक मानल्या. शिवाय कीर्ती हेच गुणाचे माप धरल्यामुळे, ज्या व्यवसायांची दारे स्त्रियांना बंद होती त्या व्यवसायांच्या याद्यांत स्त्रिया दिसल्या नाहीत ह्यात नवल कसले ? अर्धी मानवजात मोजमापाच्या आधीच वगळली गेली होती.

पहिले मोठे उत्तर १८७३ मध्ये जिनीव्हाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल ह्याने दिले. परदेशी विद्वत्सभांनी सभासद म्हणून निवडलेल्या वैज्ञानिकांची गणना त्याने केली आणि देशाची घडण, धर्मसंस्था, शिक्षण व घरातील वातावरण ह्यांचे वजन किती पडते हे दाखविले. त्याला प्रत्युत्तर म्हणून गाल्टनने रॉयल सोसायटीच्या सभासदांना लांबलचक प्रश्नावली पाठविली आणि १८७४ मध्ये इंग्लिश वैज्ञानिकांवरचा आपला ग्रंथ लिहिला. ‘उपजत’ आणि ‘संगोपित’ हे इंग्रजीतले अनुप्रासयुक्त जोडपे त्या ग्रंथामुळे शास्त्रीय चर्चेत रुजले. ह्या जोडप्याने केलेला अपाय अजून पुरता निस्तरलेला नाही. कारण त्याने दोन अविभाज्य गोष्टी दोन पारड्यांत घालून तोलण्याची सवय लावली.

अमेरिकेत जेम्स मॅकीन कॅटेल ह्याने १९०६ मध्ये वैज्ञानिकांची चरित्रसूची काढली, तिच्यामागेही गाल्टनचीच प्रेरणा होती. आपल्या मुलांपैकी जो प्राध्यापकाच्या मुलाशी वा मुलीशी विवाह करील त्याला एक हजार डॉलर देण्याचे त्याने जाहीर केले होते, असे मानसशास्त्राच्या इतिहासांत नोंदलेले आढळते. आपल्याकडील हुंड्याच्या चालीला शास्त्राचा असा आधार कोणी दिला नव्हता, एवढेच म्हणता येईल.

ह्या विचारावर खरा आघात मानववंशशास्त्राने आणि समाजशास्त्राने केला. आल्फ्रेड क्रोबर ह्याने १९१७ च्या आपल्या निबंधात एकाच वेळी अनेकांनी स्वतंत्रपणे लावलेल्या शोधांकडे लक्ष वेधले. बेल आणि ग्रे ह्यांनी टेलिफोनसंबंधीचे आपापले कागद १४ फेब्रुवारी १८७६ ह्या एकाच दिवशी पेटंट कचेरीत दाखल केले. डार्विन आणि वॉलेस ह्यांची कथा सर्वश्रुत आहे. सर्वांत बोलके उदाहरण खुद्द अनुवंशशास्त्राचे होय. मेंडेलचे नियम १८६६ मध्ये छापले गेले आणि चौतीस वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाहीत. मग १९०० ह्या एकाच वर्षी द फ्रीस, कोरेन्स आणि चेरमाक ह्या तिघांच्या हाती ते स्वतंत्रपणे आले. ज्या शास्त्राच्या आधारे ‘शोधक जन्मावा लागतो’ असे सांगितले जाई, त्या शास्त्राचा स्वतःचा इतिहास असा उलट साक्ष देत होता.

विल्यम ऑगबर्न आणि डोरोथी टॉमस ह्यांनी १९२२ मध्ये अशा १४८ समकालिक शोधांची यादी प्रसिद्ध केली. त्यांचा मुख्य तर्क यादीहून महत्त्वाचा आहे. एखाद्या मोठ्या लोकसमूहात उपजत बुद्धीची वाटणी दोन-चार पिढ्यांत फारशी बदलत नाही. शोधांची संख्या मात्र त्याच काळात कैक पटींनी वाढलेली दिसते. जे स्थिर आहे ते बदलत्या गोष्टीचे कारण होऊ शकत नाही. म्हणून वाढीचे कारण साठलेल्या ज्ञानात, साधनांत आणि गरजेत शोधले पाहिजे. ह्या तर्काला आजही खोट काढणे कठीण आहे. परंतु त्यात एक गोष्ट तशीच राहून गेली. उपजत बुद्धी नावाचा एक ठरावीक साठा प्रत्येक लोकसमूहाजवळ असतो, हे गाल्टनचे गृहीत ह्या टीकाकारांनी नाकारले नाही. त्यांनी तो साठा स्थिर मानून बाजूला ठेवला, इतकेच. जोसेफ रॉसमन ह्या पेटंट कचेरीतील परीक्षकाने सातशेहून अधिक शोधकांना प्रश्न विचारून १९३१ मध्ये त्यांचे मानसशास्त्र लिहिले, आणि एस. सी. गिलफिलन ह्याने १९३५ मध्ये शोधांच्या समाजशास्त्राची अडतीस तत्त्वे मांडली. गिलफिलनच्या मते शोध हा एका क्षणी एका डोक्यात उजळणारा दिवा नसून असंख्य बारीक भरींची रास असते. सहा-साडेसहा दशकांत शोधक पुन्हा माणूस झाला.

नेमक्या ह्याच काळात, म्हणजे पश्चिमेत सुप्रजाजनन-विचाराला विद्वानांचा विरोध संघटित होत असताना, तो विचार महाराष्ट्रात उत्साहाने स्वीकारला जात होता. ‘शोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी’ १९२९ मध्ये निघाली. हिंदुस्थानात ह्या विषयाला वाहिलेल्या आरंभीच्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. लाहोरची १९२१ ची, तर मुंबईची १९३० ची. सोलापूरच्या संस्थेशी डॉ. ए. पी. पिल्ले ह्यांचे नाव निगडित आहे. पुढे १९३४ पासून त्यांनी मुंबईहून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक चालविले व त्याला जागतिक वाचक मिळविला. गिरण्यांच्या गावात, दाट चाळींत, जननमरणाचे प्रश्न डोळ्यांपुढे असताना अशी संस्था निघावी ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तिच्या नावातील ‘युजेनिक्स’ हा शब्द मुख्यतः संततिनियमनाचे सभ्य पांघरूण होता, असे म्हणण्यास जागा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ पासून जे उघड नावाने चालविले आणि ज्यासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे झगडले, ते इतरांना शास्त्राच्या नावाखाली सांगावे लागे.

प्रा. ना. सी. फडके ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कामविषयक व सुप्रजाजननविषयक प्रश्नांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२७ मध्ये मार्गारेट सँगर ह्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, आणि हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ हवी हा त्याचा उघड पुरस्कार होता. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांचे ‘प्रतिभासाधन’ आले. कथा-कादंबरीचे तंत्र अभ्यासाने, निरीक्षणाने आणि परिश्रमाने साध्य होते असे नवोदित लेखकाला समजावून देणारे हे पुस्तक मराठीत किती वाचले गेले हे सांगावयास नको. एका हाताने ‘बीज सुधारा’ आणि दुसऱ्या हाताने ‘साधना करा’ असे सांगणाऱ्या ह्या दोन पुस्तकांतील विसंगती त्यांना जाणवली असो वा नसो, मराठी सुशिक्षिताच्या मनात दोन्ही कल्पना सुखाने शेजारी नांदत होत्या.

त्या तशा नांदू शकल्या ह्याचे एक कारण ‘प्रतिभा’ ह्या शब्दात आहे. ‘जीनियस’मध्ये जन्म आहे, ‘प्रतिभा’मध्ये प्रकाश आहे, कारण ‘भा’ म्हणजे चमकणे. संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिभेच्या उगमाची चर्चा सूक्ष्मपणे केली. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त निर्मितिक्षम प्रतिभेचे सहजा, आहार्या आणि औपदेशिकी असे तीन प्रकार सांगितले, म्हणजे पूर्वजन्मीच्या संस्कारांतून आलेली, ह्या जन्मीच्या संस्कारांनी मिळविलेली आणि उपदेशाने लाभलेली. दंडीने तर उपजत प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि अभ्यास ह्यांच्या बळावर वाणी प्रसन्न होते असा दिलासा दिला. ह्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ‘सहजा’ प्रतिभासुद्धा बापाच्या रक्तातून येत नाही. ती त्याच जीवाच्या मागील जन्मांतून येते. पूर्वसंस्काराचा सिद्धान्त आणि आनुवंशिकतेचा सिद्धान्त हे एकमेकांचे पर्याय आहेत, पूरक नव्हेत. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘जन्मजात’ ह्या एका शब्दाखाली दोहोंची सरमिसळ झाली, आणि जातिव्यवस्था म्हणजे प्राचीनांनी योजनापूर्वक चालविलेला सुप्रजाजननाचा प्रयोग होय, असे प्रतिपादन शक्य झाले. गो. म. जोशी ह्यांचे ‘हिंदूंचे समाजरचनाशास्त्र’ हे अशा प्रतिपादनाचे सर्वांत विस्तृत मराठी उदाहरण.

ह्याला महाराष्ट्रातून मिळालेली दोन उत्तरे जागतिक चर्चेत मोलाची ठरावीत अशी आहेत. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ मध्ये स्वतः छापलेल्या भाषणात त्यांनी हा दावा थेट तपासावयास घेतला. त्यांचे मुद्दे असे : पंजाबातील ब्राह्मण वंशदृष्ट्या मद्रासच्या ब्राह्मणाला नव्हे तर पंजाबातील चांभाराला जवळचा आहे, म्हणून जात म्हणजे वंश नव्हे, रक्त शुद्ध राखणे हाच हेतू असेल तर पोटजातींतील विवाह का निषिद्ध असावेत, आणि सहभोजनाने तर रक्तात कसलीच मिसळ होत नाही, मग त्याला बंदी कशासाठी? आनुवंशिकतेच्या बाजूनेही त्यांनी बेटसनसारख्या जीवशास्त्रज्ञाची साक्ष काढली. उच्च बौद्धिक गुण एखाद्या एकाच जनुकीय घटकातून उतरत नसून अनेक घटकांच्या योगायोगाने प्रकट होतात, असे बेटसनचे मत होते. सुप्रजाजननाच्या पुरस्कर्त्यांना सुप्रजाजननाच्याच भूमीवर गाठणारे हे विवेचन आहे. जी. एस. घुर्ये ह्यांनी चार वर्षे आधी, १९३२ मध्ये, रिस्लेच्या नासिकामापनावर आधारलेल्या वर्गीकरणाची चिकित्सा केली होती, हेही येथे स्मरावे.

दुसरे उत्तर प्रयोगशाळेतून आले. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे जर्मन वंशशास्त्राचे आणि पुढे नाझी राजवटीत त्या विचाराचे अग्रणी होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमता वंशपरत्वे भिन्न असते, युरोपीयांत ती विशिष्ट प्रकारची असून तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी आहे, अशी फिशर ह्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि विषमता सर्वत्र आढळते, वंशभेदाशी तिचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या प्रबंधात नोंदविला. ज्या गुरूच्या हाती पदवी होती त्याच्याच घरात बसून हे लिहिण्यास काय लागले असेल ह्याची कल्पना संशोधक विद्यार्थ्यांनी अवश्य करावी.

आता शोधकांकडे वळू. मराठी मुलखातील छपाईचा इतिहास पाहिला तर कुलसिद्धान्ताला आधार सापडणे कठीण जाते. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले. लेखन-वाचनाशी ह्या समाजाचा परंपरागत संबंध नव्हता. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्यांनी स्वतः शिळायंत्र बनविले, शाई घोटली, आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले आणि पुढे त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचा देवनागरी टाइप साऱ्या देशात नमुना मानला गेला. दोघांच्याही मागे लेखनविद्येची घराणी नव्हती. दोघांनीही यंत्र जवळून पाहिले होते, हाताळले होते. उलट बाजूने शंकर आबाजी भिसे ह्यांचे उदाहरण घ्यावे. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ह्या शोधकाने टाइप ओतण्याचे यंत्र सिद्ध केले; वृत्तपत्रांनी त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हटले. दादाभाई नौरोजींचा आधार, टाटांचे साह्य आणि लंडनची कारागिरी मिळूनही लायनोटाइप व मोनोटाइप ह्यांनी व्यापलेल्या बाजारात त्यांना शिरकाव मिळाला नाही, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा अंत झाला. त्यांच्या बुद्धीत उणे काढता येत नाही. शोध यशस्वी होण्यासाठी जे जे लागते त्यात बुद्धी ही एक बाब असते, आणि बहुधा सर्वांत दुर्मिळ बाब ती नसते.

मराठीत ‘शोध’ हा शब्द अमेरिकेला आणि वाफेच्या यंत्राला सारखाच लागतो. जे होते ते सापडणे आणि जे नव्हते ते घडविणे ह्यांत आपली बोलण्याची रीत भेद करीत नाही. आणि ‘आविष्कार’ आपण कलेसाठी राखून ठेवला. काटेकोर परिभाषेच्या दृष्टीने ही उणीव खरी. परंतु शोधाला शोधकाच्या व्यक्तित्वापासून थोडे सैल ठेवण्याची सोय तीत आहे. मराठीत शोध ‘लागतो’सुद्धा, आणि तो लागतो तेव्हा वाक्यात कर्त्याची गरज उरत नाही. ऑगबर्नला हे क्रियापद आवडले असते.

सोलापूरच्या वाचकाला जेकार्डचे उदाहरण सर्वांत जवळचे. चादरीवरची नक्षी ज्या छिद्रांच्या पत्त्यांनी उमटते त्या यंत्रणेला लिआँच्या जोसेफ-मारी जाकार ह्याचे नाव मिळाले, साल १८०४. तो कोष्ट्याचा मुलगा होता, हे कुलवाद्याच्या पथ्यावर पडणारे. पण छिद्रांचा कागद मागावर प्रथम आणला तो बाझील बुशों ह्याने, १७२५ मध्ये, आणि तो वाद्य बनविणाऱ्याचा मुलगा होता. १७२८ मध्ये फाल्कोंने कागदाच्या जागी जोडलेले पत्ते घातले. मग व्होकांसोंने १७४५ च्या सुमारास माग आपोआप चालविण्याचा प्रयत्न केला, आणि तो हातमोजे करणाऱ्याच्या घरचा. तीन धंद्यांचे ज्ञान एका यंत्रात उतरले. एकाच रक्ताचे ते काम नव्हते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत मूल कांड्या भरता भरता ताणा-बाण्याचे गणित शिकते, ही गोष्ट ‘पिढीजात’ खरीच. मराठीत मात्र धंदा पिढीजात, रोग पिढीजात, वैरही पिढीजात. वतनाचा वारसा, हाताच्या सवयीचा वारसा आणि शरीराचा वारसा ह्या तीन निराळ्या वाटा ह्या एका विशेषणाने बुजवून टाकल्या आहेत. इंग्रजीतही आनुवंशिकतेची परिभाषा मालमत्तेच्या कायद्यातूनच जीवशास्त्रात आली, तेव्हा हा दोष एकट्या मराठीचा नव्हे.

ह्या एका विशेषणाची किंमत सोलापुरात माणसांनी मोजली. गाल्टनच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो गाल्टनच्या ग्रंथातून निघाला असे नव्हे. कोष्ट्याचा मुलगा कोष्टी, सुताराचा सुतार, त्याअर्थी चोराचा मुलगा चोर, हा जातिधंद्याचा सरळ हिशेब त्याच्या समर्थनात मांडला गेला होता. परंतु नामवंतांच्या वंशावळी आणि गुन्हेगारांच्या वंशावळी ह्या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. ज्याने पहिली खरी मानली त्याला दुसरी नाकारता येत नाही. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यास लागू झाली आणि सोलापूरला तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तेथे आणली गेली. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे, आणि ह्यासाठी गुन्हा केलेला असण्याची आवश्यकता नव्हती. जन्म पुरे होता.

ह्याच माणसांना गावच्या कापडगिरण्यांत कामाला लावले गेले. उपजत चोर म्हणून नोंदलेला माणूस साच्यावर उभा राहून सूत कातू लागला, त्याची मुले यंत्राच्या आवाजात वाढली. कायद्याच्या अंमलबजावणीनेच कायद्याचे गृहीत खोटे पाडले, पण हजेरीपट चालूच राहिला. ह्याच सुमारास किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षा भोगून आलेल्या रामोशी-मांग माणसांना कारखान्याचे पहारेकरी नेमत होते. ब्राह्मण घरात जन्मून, चित्रकला शिकून आणि सायकली विकून १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनविणाऱ्या माणसाला जन्मजात धंद्याच्या सिद्धान्ताविषयी आदर नसावा हे स्वाभाविकच होय. मुंबई इलाख्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, आणि ह्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. सोलापुरात त्या वस्तीला लोक ‘सेटलमेंट’च म्हणतात.

शोधक कोण होतो ह्या प्रश्नावर अलीकडचे सर्वांत मोठे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲलेक्स बेल, राज चेट्टी व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकेतील सुमारे बारा लाख पेटंटधारकांच्या नोंदी प्राप्तिकराच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. सर्वाधिक उत्पन्नाच्या शेकडा एक कुटुंबांतील मुले, मध्यम उत्पन्नरेषेखालील कुटुंबांतील मुलांच्या मानाने दहापट प्रमाणात शोधक झालेली आढळली. तिसऱ्या इयत्तेतील गणिताचे गुण सारखे धरले तरी ह्या तफावतीचा एक-तृतीयांशाहून कमीच भाग उलगडला. शोधकांच्या सहवासात वाढलेली मुले केवळ शोधक होतात असे नव्हे, तर शेजारपाजारी ज्या प्रकारचे तंत्र विकसित होत होते नेमक्या त्याच प्रकारात ती शोध लावतात. आणि एखाद्या तंत्रात स्त्री-शोधक जेथे अधिक होत्या तेथे वाढलेल्या मुली त्या तंत्रात पुढे आल्या, पुरुष-शोधकांच्या संख्येने मुलींना तो लाभ झाला नाही. एखाद्या विशिष्ट तंत्राचे बीज रक्तात असते असे आजवर कोणत्याही सुप्रजाजननवाद्यानेही म्हटलेले नाही. गाल्टनच्या याद्यांत नात्याच्या अंतराबरोबर घटत गेलेली कीर्ती ही किती अंशी रक्ताची होती आणि किती अंशी एकाच ओसरीवर बसून ऐकलेल्या बोलण्याची, हे त्या याद्यांवरून ठरविता येण्यासारखे कधी नव्हतेच.